निवृत्तीनंतर समुद्राकाठी: दापोली कॅम्पातल्या पेन्शनरांनी जागा कशी निवडली?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय आजचा आहे, पण त्याला इतिहासाची बाजू कशी जोडायची?" पेटच्या मुलाखतीतही हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही सांगता, मला ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतींवर काम करायचंय. समोरून विचारलं जातं, याला आपल्याकडे काही पूर्वपीठिका आहे का? इथे बहुतेक जण अमेरिकेचं नाव घेतात आणि थांबतात. आज याच एका विषयावर आपण नीट काम करून बघू.

विषय असा आहे. निवृत्त झालेली, हातीपायी धड असलेली, स्वतःचं उत्पन्न असलेली माणसं उबदार हवेच्या किनारी भागात, आपल्यासारख्याच माणसांच्या सोबतीने राहायला जातात. ती जागा कशी निवडतात? कोल्हापुरात हा प्रश्न पुस्तकातला नाही. आंबा, गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली, कुठल्याही घाटाने उतरलं की काही तासांत कोकण किंवा गोवा. ओळखीतलं कुणी ना कुणी निवृत्तीनंतर मालवणला, रत्नागिरीला किंवा गोव्यात घर बघत असतंच. जाहिरातींत समुद्र दिसतो, बाग दिसते, सकाळी फिरणारं जोडपं दिसतं.

आधी व्याख्या, मग शोध

या विषयावरची पुस्तकं उघडलीत तर सुरुवात बहुधा ॲरिझोनातल्या सन सिटीपासून होते. डेल वेब या बिल्डरने १ जानेवारी १९६० ला ती वसाहत लोकांसाठी खुली केली. गोल्फचं मैदान, पोहण्याचा तलाव, मनोरंजन केंद्र आणि फक्त उतारवयातल्या माणसांसाठी घरं. 'ॲक्टिव्ह रिटायरमेंट' ही कल्पना बाजारात रुळली ती साधारण तिथून. सन सिटी वाळवंटात आहे. पुढे तोच नमुना फ्लोरिडात, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्तुगालच्या आल्गार्वमध्ये दिसायला लागला.

आता एक काम करा. व्याख्येतून गोल्फ आणि पोहण्याचा तलाव काढून टाका. हे त्या काळातल्या, त्या देशातल्या चैनीचे तपशील आहेत, व्याख्येचा गाभा नाही. गाभ्यात चार गोष्टी उरतात: नियमित पेन्शन, काम करण्याइतकी तब्येत, स्वतः निवडलेली जागा आणि शेजारी आपल्यासारखीच निवृत्त माणसं. या चार अटी घेऊन महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मागे मागे जात राहिलात, तर एकोणिसाव्या शतकातल्या दापोलीला येऊन पोचता.

व्याख्या आधी घट्ट केली नाही, तर साधनं समोर असूनही दिसत नाहीत. 'सीनियर सिटिझन होम' शोधत बसाल तर १८९० ची दापोली तुम्हाला कधीच सापडणार नाही.

कॅम्प कसा वसला

१८१८ हे साल पेशवाई संपल्याचं म्हणून आपल्याला पाठ असतं. त्या वर्षी दोन 'निवृत्त्या' सुरू झाल्या. एक दुसऱ्या बाजीरावाची. वर्षाला ८ लाख रुपयांची पेन्शन घेऊन तो गंगेच्या काठी, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला जाऊन राहिला. काशी किंवा गंगाकाठ ही मराठी माणसाची उतारवयातली जुनी ओढ होती, आणि कंपनीलाही तो पुण्यापासून दूर हवा होता.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी कोकणात घडली. दक्षिण कोकणचं लष्करी ठाणं म्हणून इंग्रजांनी दापोलीची निवड केली. दापोली अगदी समुद्रावर नाही. हर्णै-मुरुडचा किनारा तिथून सात-आठ किलोमीटरवर आहे. गाव साधारण ८०० फूट उंचीवर, जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. त्यामुळे खाली किनाऱ्यावर घाम निथळत असताना वर वारं असतं. 'मिनी महाबळेश्वर' हे आजचं विशेषण पर्यटनवाल्यांचं असलं, तरी त्यामागची हवा खरी आहे. फौजेला राहायला बरी हवा, खाली हर्णैसारखं बंदर आणि छावणीला पुरेल एवढी सपाटी, हा हिशेब सरळ होता.

१८४० मध्ये तिथली नियमित फौज काढून घेतली गेली आणि मागे राहिली ती 'व्हेटरन बटालियन', म्हणजे मोहिमेवर पाठवण्याजोग्या न राहिलेल्या जुन्या शिपायांची पलटण. १८५७ मध्ये तीही मोडली. गॅझेटिअरमधली लष्करी दापोलीची गोष्ट इथे संपते.

तुम्ही फक्त गॅझेटिअर वाचलंत तर निष्कर्ष काढाल: छावणी उठली, विषय संपला. पण गॅझेटिअर हा राज्यकर्त्याने राज्यकारभारासाठी लिहिलेला ग्रंथ आहे. पलटण किती, बंदर कुठलं, महसूल किती, हे त्यात नेमकं मिळतं. पलटण सोडून गेलेला शिपाई पुढची वीस-पंचवीस वर्षं कुठे राहिला, त्याची मुलं कुठे शिकली, याच्याशी त्या नोंदीला कर्तव्य नसतं. छावणी कागदावरून गेली, पण नाव राहिलं. आजही लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात, जुन्या बोलीत 'काप दापोली'. नाव टिकलं, तसा तिथे पेन्शनरांचा एक समाजही टिकून होता.

दोन पेन्शनर

मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातल्या महार समाजातून मोठी भरती होत असे. तेव्हाच्या लष्करी कागदांत त्यांना 'परवारी' असंही म्हटलेलं आढळतं. या नोकरीने पगाराबरोबर आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे शिक्षण. पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांच्या घरात लिहिणं-वाचणं आलं ते पलटणीच्या शाळेतून.

यातले दोन पेन्शनर आपल्याला नावाने माहीत आहेत.

पहिले गोपाळ बाबा वलंगकर. मूळ गाव महाडजवळचं रावढळ. फौजेतून १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. 'दीनबंधू'त ते लिहीत. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही त्यांची पुस्तिका आली. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कुठे आहे, असा जाब तिने विचारला. दापोलीत त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १९०० मध्ये ते वारले.

दुसरे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, दापोलीच्या शेजारचाच. रामजींनी पलटणीच्या शाळेत बरीच वर्षं मुख्याध्यापकाचं काम केलं होतं. १८९१ मध्ये महूला भीमरावांचा जन्म झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोलीला आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास. आजच्या भाषेत हे 'ॲक्टिव्ह' निवृत्तच.

मग दापोलीच का?

आता गृहीतकं मांडू आणि एकेक तपासू. विज्ञान शाखेतून आलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. इतिहासातही ती चालते, फक्त प्रयोगशाळेच्या जागी कागद असतात.

पहिलं गृहीतक हवेचं. दापोलीची हवा चांगली म्हणून पेन्शनर आले, असं म्हणायचा मोह होतो. पण हवा बघून जागा निवडली होती ती इंग्रजांनी, १८१८ मध्ये, फौजेसाठी. पेन्शनर केवळ हवेसाठी आले असते, तर ते लांबलांबच्या मुलखातून यायला हवे होते. प्रत्यक्षात वलंगकर महाडकडचे, रामजी मंडणगडचे. दोघांची मूळ गावं दापोलीच्या आसपासच्याच टापूतली. म्हणजे ही हवेच्या शोधात केलेली भटकंती नव्हती, घराकडे परतणं होतं. स्थलांतराच्या अभ्यासात या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: सुखसोयींसाठी केलेलं स्थलांतर आणि परतीचं स्थलांतर. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा फरक पहिल्या पानावर यायला हवा.

दुसरं गृहीतक गावाच्या ओढीचं. परतायचंच होतं, तर थेट गावात का नाही? माझ्या मते दापोलीचा खरा प्रश्न हा आहे. गावात परतणं म्हणजे महारवाड्यात परतणं आणि वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या गावकीच्या कामाला पुन्हा जुंपलं जाणं. सांगावा पोचवा, सरकारी माणसाचं ओझं उचला, मेलेलं जनावर ओढा. वीस-पंचवीस वर्षं वर्दीत काढलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या हवालदार-सुभेदाराने आपल्याच गावात पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं का? कॅम्पात त्याची ओळख 'पेन्शनर' अशी होती, गावात ती जातीवरून ठरायची. म्हणून गावाच्या जवळ, पण गावात नाही, असं ते अंतर होतं. देवाला, लग्नाला, मयताला एका दिवसात जाता यावं, पण रोज सकाळी कुणी हाक मारून कामाला लावू नये. नकाशात हे अंतर थोडक्या मैलांत मोजता येतं. माणसाच्या आयुष्यात ते फार मोठं होतं.

तिसरं गृहीतक सोबतीचं. पेन्शन घेणारी, पलटणीच्या शाळेत शिकलेली कुटुंबं एका ठिकाणी असली की पत्र कुणाकडून लिहून घ्यायचं, अर्ज कसा करायचा, मुलांना कुठे घालायचं, हे सगळं शेजारीच मिळतं. शिवाय दापोली तालुक्याचं ठिकाण, म्हणजे कचेरी जवळ. ज्याचं घर पेन्शनीवर चालतं त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

यात एक सावधगिरी हवी. वलंगकर आणि रामजी आपल्याला माहीत आहेत, कारण एक स्वतः लेखक-कार्यकर्ते होते आणि दुसऱ्यांचा मुलगा बाबासाहेब झाला. म्हणजे आपला नमुना प्रसिद्धीने निवडलेला आहे. सांख्यिकीत याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. यावर इलाज म्हणजे व्यक्तीचं चरित्र बाजूला ठेवून समूहाने केलेली कृती शोधणे. दापोलीत अशी कृती सापडते.

निवृत्तीनंतर केलं काय?

१८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. 'लढवय्या जाती' कोणत्या, या नव्या सिद्धांताचा तो परिणाम. ज्या दाराने वडील बाहेर पडले, ते दार मुलांच्या तोंडावर बंद झालं. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी अर्ज तयार केला. आजोबा-पणजोबांपासूनची चाकरी त्यात आधार म्हणून मांडली होती. पेन्शनर स्वतः फौजेतून सुटले होते, त्यांना स्वतःला या अर्जातून काही मिळायचं नव्हतं.

त्याच दशकात दापोलीच्या महार पेन्शनरांनी दुसरी मागणी लावून धरली: आमची मुलं नगरपालिकेच्या शाळेत घ्या. पैसा सरकारी, शाळा सार्वजनिक, मग आमची मुलं बाहेर का? तक्रार वरपर्यंत गेली. मुलांना घेतलं गेलं, पण बसवलं व्हरांड्यात. इतिहासकार फिलिप कॉन्स्टेबल यांनी २००० साली पश्चिम भारतातल्या या शैक्षणिक लढ्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या नावातच शाळेचा व्हरांडा आहे. कागदोपत्री प्रवेश आणि प्रत्यक्ष वर्गात बसणं यांतलं अंतर त्यांनी तपशिलात दाखवलंय. शिक्षणाच्या इतिहासावर काम करणार असाल तर तो निबंध वाचाच.

आता 'ॲक्टिव्ह रिटायरमेंट' हा शब्द पुन्हा बघा. जाहिरातीत त्याचा अर्थ योगवर्ग, भजनी मंडळ, सकाळचा फेरफटका. दापोलीत त्याचा अर्थ होता संघटना काढणं, पुस्तिका लिहिणं, अर्ज करणं, शाळेच्या दारात उभं राहणं. दोन्हीकडे अट सारखीच: पोटाची चिंता नाही आणि वेळ हातात आहे. पेन्शन ही इथे सरकारी मेहेरबानीपेक्षा मोठी गोष्ट ठरली. गावच्या पाटलावर किंवा सावकारावर अवलंबून नसलेलं उत्पन्न असल्यामुळेच सरकारला जाब विचारणं परवडत होतं. माझ्या मते दापोलीच्या या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं कारण हेच आहे. हवा, समुद्र, बंदर हे सगळं त्याच्या मागे येतं.

तयार मॉडेल बसतं का, ते बघा

वृद्धांच्या स्थलांतरावर काम करणाऱ्याला लिटवाक आणि लाँगिनो यांचं १९८७ चं मॉडेल टाळता येत नाही. ते तीन टप्पे सांगतात. निवृत्तीनंतर लगेच, तब्येत चांगली असताना माणूस सुखसोयींच्या जागी जातो. पुढे तब्येत ढासळायला लागली, जोडीदार गेला, की मुलांजवळ येतो. आणि घरच्यांच्याही आवाक्याबाहेर गेलं, की संस्थेत.

हे मॉडेल रामजींना लावून बघा. पहिला टप्पा दापोली, इथपर्यंत ठीक. पण रामजी काही वर्षांतच दापोली सोडून साताऱ्याला गेले, ते आजारपणामुळे नव्हे. तिथे त्यांना बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. घर मोठं, मुलं लहान. साताऱ्यालाच ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव तिथल्या सरकारी शाळेत घातलं गेलं. हीच पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, आणि आज आपण तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतो. नंतर कुटुंब मुंबईला गेलं.

म्हणजे इथे दुसरा टप्पा म्हाताऱ्या माणसाने मुलांकडे आधारासाठी जाणं नाही. अजून कमावता असलेला बाप मुलांना घेऊन पुढे सरकतोय. मॉडेल चुकीचं आहे असा याचा अर्थ नाही. ते एका विशिष्ट समाजासाठी बनवलंय, जिथे पन्नाशी-साठीपर्यंत मुलं आपापल्या मार्गाला लागलेली असतात. तुमच्या प्रबंधात 'हे मॉडेल आमच्याकडे लागू होतं' किंवा 'होत नाही' एवढंच लिहू नका. कुठल्या गृहीतावर ते अडतं, ते दाखवा. परीक्षक तेच शोधत असतात.

आणखी एक मोह आवरा. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडला झाला, वलंगकर महाडकडचे, मग दापोली ते महाड अशी सरळ रेष ओढायची. टापू एकच, जाबही त्याच जातीचा, हे खरं. पण मध्ये तीसेक वर्षं आहेत, मुंबईच्या गिरण्या आहेत, १९२० ची आपल्या कोल्हापूर संस्थानातली माणगाव परिषद आहे. दोन बिंदू जवळ दिसले म्हणून मधली माणसं पुसायची नसतात.

आजच्या घर बघणाऱ्यासाठी यात काय आहे?

२०११ च्या जनगणनेत भारतात ६० वर्षांवरचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी झालेली दिसली. तरुण मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसं गावात, हे कोकणचं जुनंच दुखणं. किनाऱ्यावर निवृत्त माणसं आणखी येऊन राहिली तर त्यांची सेवा करणारे हात कुठून येणार, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. तो माहितीपत्रकात छापलेला नसतो.

म्हणून मुलाखतीसाठी प्रश्नावली बनवताना 'तुम्हाला कोकणची हवा आवडते का?' हा प्रश्न शेवटी ठेवा. हवा सगळ्यांनाच आवडते, त्या उत्तरातून काही हाती लागत नाही. आधी दापोलीचे प्रश्न विचारा. तुमचं उत्पन्न कुणाच्या हातात आहे? मूळ गाव किती लांब आहे, आणि ते तेवढंच लांब असावं असं वाटतं का? शेजारी कोण आहे, आणि कोण असलेलं चालणार नाही? तिथल्या शाळेत, दवाखान्यात, पाणवठ्यावर तुमचं स्थान काय? नाही जमलं तर तिथून निघता येईल का? चौथा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. तरी विचारा. वसाहतीत कुणाला घर मिळतं आणि कुणाला 'सध्या रिकामं नाही' असं सांगितलं जातं, हे त्याच प्रश्नातून कळतं.

कोल्हापुरातच काम करायचं असेल तर लांब जायची गरज नाही. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या. पिढ्यान्पिढ्या फौजेत जाणारं आणि निवृत्त होऊन गावातच परतणारं हे गाव. दापोलीचे पेन्शनर गावाच्या जवळ थांबले, टाकळीचे थेट गावात आले. या फरकात जमिनीचा वाटा किती आणि जातीचा किती, ही तुलना एका चांगल्या सिनॉप्सिसला पुरेल. सुरुवातीला विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय गाठा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा खंड काढा, दापोलीची नोंद वाचा आणि वहीत दोन रकाने आखा: नोंदीत कोण आहे, आणि नोंदीत कोण नाही. दुसरा रकाना भरायला लागलात की तुमचा विषय सुरू झाला.